केडगावची मुक्ती : आश्रय आणि अट

पुणे-सोलापूर लोहमार्गावर, दौंडच्या अलीकडे, केडगाव नावाचे एक लहानसे स्थानक लागते. ग्वाल्हेरहून मनमाड-दौंडमार्गे आणि हैदराबादहून सोलापूरमार्गे पुण्यास येणाऱ्या आमच्या कित्येक पिढ्यांनी हे स्थानक गाडीच्या खिडकीतून पाहिले असेल. तेथे पंडिता रमाबाईंचे ‘मुक्ती सदन’ आहे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र या संस्थेचा एक धागा आपल्याच प्रांतांतून निघाला आहे, मध्य प्रांतातील, गुजरातेतील, राजपुतान्यातील दुष्काळाने तिला तिचे आजचे रूप दिले आणि तिची एक शाखा निजामाच्या राज्यात गुलबर्ग्यास निघाली, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळींत सहसा बोलली जात नाही.

रमाबाईंविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बहुतेक लेखन व्यक्तीभोवती फिरते : त्यांची विद्वत्ता, त्यांचे धर्मांतर, त्यांच्यावर झालेली टीका. प्रस्तुत लेखात आम्ही संस्थेचा इतिहास पाहणार आहोत. निराश्रितांसाठी काढलेली संस्था कोणाच्या पैशावर उभी राहते, आत कोणाला घेते, आणि घेताना कोणती अट घालते, हे तीन प्रश्न कोणत्याही अनाथगृहाला विचारता येतात. केडगावच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे दहा-बारा वर्षांत पार बदलली. त्या बदलाची कथा व्यक्तिचरित्राइतकीच महत्त्वाची आहे, असे आम्हांस वाटते.

दुष्काळाची पूर्वपीठिका

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण होते. पत्नीस संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांना धर्मसभेपुढे आपल्या कृतीचे समर्थन करावे लागले होते. पुढे विपन्नावस्था आली. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब दक्षिणेत वर्षानुवर्षे हिंडले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात वडील गेले, पाठोपाठ आई गेली आणि नंतर थोरली बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, हे सर्वश्रुत आहे. परंतु संस्थेच्या इतिहासाच्या दृष्टीने पदव्यांपेक्षा आधीची उपासमार अधिक ध्यानात ठेवावी लागते. वीस-बावीस वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली, तेव्हा आपले जुने दुष्काळानुभव त्यांनी इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केले. भुकेलेल्या मुलीची अवस्था त्यांनी स्वतः भोगली होती.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली, ब्राह्मणेतर वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा ही कन्या झाली आणि १८८२ च्या आरंभी पतीही पटकीने वारले. त्या वर्षी पुण्यास आल्यावर त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ख्रिस्ती झाल्यावरही त्या कोणत्याही एका चर्चच्या आज्ञेत कधी राहिल्या नाहीत. वाँटेजच्या भगिनींशी, विशेषतः सिस्टर जेरल्डीन यांच्याशी, त्यांचा पत्रव्यवहारातून दीर्घ वाद झाला. त्यात त्रैक्याच्या सिद्धांतापासून धर्मगुरूंच्या अधिकारापर्यंत अनेक प्रश्न होते. क्रॉसवरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृत असावीत, असाही त्यांचा आग्रह होता. त्यांनी पुढे काढलेली संस्था ख्रिस्ती खरी, पण ती कोणा एका पंथाच्या मिशनची शाखा झाली नाही, याचे मूळ या वादांत आहे.

शारदा सदन : बोस्टनचा पैसा, पुण्याची अट

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि तेथे सुमारे तीन वर्षे राहिल्या. १८८७ मध्ये त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक निघाले. त्याच्या विक्रीतून व व्याख्यानांतून निधी जमला. त्या वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि गावोगावी वर्गणीदारांची ‘रमाबाई मंडळे’ निघाली. असोसिएशनने दहा वर्षे खर्च चालवण्याचे वचन दिले. एडवर्ड एव्हरेट हेल हे तिचे पहिले अध्यक्ष. देणगीदार बहुतेक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती होते, तरीही संस्थेत धर्मशिक्षण सक्तीने द्यायचे नाही, धर्माबाबत ती तटस्थ राहील, हे तत्त्व त्यांनी मान्य केले होते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. तिचे बंधू नरहरपंत जोशी हे धोंडो केशव कर्वे यांचे स्नेही. त्यांनीच तिला सदनात आणले. हीच गोदूबाई पुढे १८९३ मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांच्या कार्याचे एक मूळ शारदा सदनात आहे, ते असे.

सदनात प्रवेश मुख्यतः उच्चवर्णीय विधवांना होता. जातिनियम पाळण्याची मोकळीक होती, स्वयंपाकास ब्राह्मण होता आणि सोवळेओवळे ज्याच्या त्याच्या इच्छेवर होते. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. नोव्हेंबर १८९० मध्ये सदन पुण्यास आले. आज आम्हांस ही व्यवस्था विलक्षण वाटते. पैसा अमेरिकन ख्रिस्त्यांचा, संचालिका ख्रिस्ती, विद्यार्थिनी ब्राह्मण आणि सल्लागार हिंदू सुधारक, असा तो मेळ होता. तो टिकला असता तर महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

तो टिकला नाही. रमाबाई आपल्या खोलीत सकाळी प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. मुलींना येऊ देणे हा त्यांच्या मते त्यांच्या विवेकस्वातंत्र्याचा भाग होता. मुलींना रोखणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. टीकाकारांच्या मते हा अप्रत्यक्ष धर्मप्रसार होता. ‘केसरी’ने कडक टीका केली. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. बोस्टनच्या मंडळाने मात्र रमाबाईंची पाठ राखली.

या प्रकरणी एक बाजू सर्वस्वी खरी आणि दुसरी सर्वस्वी खोटी, असे आम्ही म्हणणार नाही. अल्पवयीन, परावलंबी मुलीच्या ‘इच्छे’ला किती अर्थ असतो, ही टीकाकारांची शंका गैरवाजवी नव्हती. जिच्या अन्नावर जगायचे तिच्या देवाकडे ओढ वाटणे मानवी स्वभावास धरून आहे. उलट, विधवेचे केस उतरवताना, तिला एकभुक्त ठेवताना, तिची इच्छा विचारण्याची गरज याच समाजास वाटत नव्हती. इच्छेचा प्रश्न सदनाच्या दारातच उपस्थित व्हावा आणि घराच्या माजघरात होऊ नये, हा विरोधाभास रमाबाईंनी ओळखला होता. सुधारकांनाही तो उमजत होता, पण त्यांच्या हाती तेव्हा पर्यायी संस्था नव्हती.

केडगावची जमीन

बोस्टनच्या वचनाची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. त्यानंतर काय, हा विचार करून रमाबाईंनी केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन घेतली. आंबे-संत्री लावावी, शेती करावी आणि उत्पन्नावर सदन चालवावे, असा बेत होता. ही दूरदृष्टी विशेष नोंदण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकातील आपल्या बहुतेक सार्वजनिक संस्था वर्गणीच्या वहीवर जगत आणि वही मिटली की मिटत. संस्थेच्या पायाखाली स्वतःची जमीन आणि पाणी असावे, हा विचार एका स्त्रीने, तोही स्वतःच्या हिमतीवर, अमलात आणला.

परंतु बाग धरायच्या आधीच दुष्काळ आला. १८९६ चा पाऊस मध्य हिंदुस्थानात व मध्य प्रांतात फसला. १८९७ च्या आरंभी रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या. सरकारी अन्नछत्रे आणि निराश्रितगृहे त्यांनी पाहिली. त्यांच्या वर्णनांत उपाशी माणसे तर आहेतच, पण त्यांनी विशेष भर दिला तो एकट्या पडलेल्या तरुण मुलींच्या धोक्यावर. दलाल अशा मुलींना छावण्यांभोवतीच गाठत. त्यांनी सुमारे ३०० मुली-स्त्रिया परत आणल्या.

त्याच सुमारास पुण्यास प्लेग होता. शहरात नवी माणसे आणण्यास बंदी आली. तेव्हा मुलींना केडगावी नेणे भाग पडले. तेथे इमारत नव्हती, तंबू व झोपड्या होत्या. म्हणजे ज्या जागी फळबाग व्हायची, तेथे दुष्काळी छावणी झाली. १८९८ मध्ये तेथील वसाहतीस ‘मुक्ती सदन’ हे नाव रूढ झाले. बोस्टनची जुनी असोसिएशन त्याच वर्षी विसर्जित होऊन तिच्या जागी नवे मंडळ आले. त्यासाठी रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या. मनोरमा तेव्हा तेथेच शिकत होती.

छप्पन्नचा काळ

संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. गुजरातेत, माळव्यात, राजपुतान्यात या दुष्काळास ‘छप्पनियो’ किंवा ‘छप्पनिया’ म्हणतात. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील आमच्या जुन्या घरांत ‘छप्पन्नचा काळ’ हा शब्द वापरात होता. एखादे मूल हावरटासारखे जेवू लागले की वडीलधारी मंडळी ‘छप्पन्नातून आलास का’ असे विचारीत. माळवा तर दुष्काळ ठाऊक नसलेला मुलूख म्हणून प्रसिद्ध, त्यामुळे तेथे तयारी अशी काहीच नव्हती. गुजरातेतील गुरे चाऱ्यावाचून मेली. पंचमहालात उपासमारीवर पटकीची साथ आली.

या वेळी रमाबाईंनी आपल्या कार्यकर्त्या स्त्रियांना गुजरातेत व राजपुतान्यात पाठवले. हजाराहून अधिक मुली व स्त्रिया रेल्वेने केडगावी आणल्या गेल्या. १९०० नंतर तेथील वस्ती सुमारे २,००० वर गेली. अकरा वर्षांपूर्वी मूठभर ब्राह्मण विधवांसाठी निघालेली संस्था आता एक गावच झाली होती. या गावात मराठी, हिंदी, गुजराती बोलणाऱ्या, सर्व जातींच्या आणि कोणत्याच जातीत न मोजल्या जाणाऱ्या मुली होत्या.

संस्थेच्या इतिहासातील खरी उलथापालथ आम्हांस येथे दिसते. शारदा सदनाची अट जातीची होती. ती लिखित नसली तरी व्यवस्थेतच होती, आणि धर्माची अट मात्र नव्हती. मुक्ती सदनात जातीची अट संपली. महार, भिल्ल, कुणबी, ब्राह्मण अशा सर्व मुली एका पंक्तीस बसल्या. मात्र आता संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. प्रार्थना, बायबल, उपासना हा दिनक्रमाचा भाग होता आणि बाप्तिस्मे मोठ्या संख्येने झाले. जातीचे दार उघडले आणि त्याच वेळी धर्माची चौकट बसली. १९०५ मध्ये तेथे जी धार्मिक जागृतीची लाट आली, तीत शेकडो मुली रात्रंदिवस प्रार्थनेत मग्न झाल्या. ती हकीकत ख्रिस्ती जगात गाजली आणि हिंदू समाजात तेवढीच संशयाने पाहिली गेली.

संशय घेणाऱ्यांनी नुसता संशय घेतला असे नाही, हेही सांगितले पाहिजे. सरकारी धोरणात, दुष्काळी अनाथ मुलांना शक्यतो त्यांच्याच धर्माच्या लोकांकडे सोपवावे, असे तत्त्व होते. पण सोपवायचे तर घेणारा हवा. लाला लजपतराय यांनी १८९७ व १९०० च्या दुष्काळांत हिंदू अनाथांसाठी चळवळ उभारली. मध्य प्रांतातून व राजपुतान्यातून मुले पंजाबात नेली आणि दुष्काळ आयोगापुढे त्याविषयी साक्षही दिली. महाराष्ट्रात कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्यास नेला. त्याआधी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. पंढरपूरचे बालहत्या प्रतिबंधक गृह १८७५ पासूनचे. म्हणजे स्वकीयांचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. पण हिंगण्याच्या आश्रमाचीही सुरुवातीची अट उच्चवर्णीय विधवांची होती. कर्व्यांच्या थोरवीस त्याने बाध येत नाही. समाजाने मान्यता काढून घेऊ नये, म्हणून त्यांनी ती मर्यादा पत्करली होती. तरी हिशोब असा राहतो की, १९०० मध्ये गुजरातेतील एखाद्या भिल्लाच्या वा माळव्यातील एखाद्या बलायाच्या अनाथ मुलीपुढे हिंगण्याचे दार नव्हते, केडगावचे होते. तिला धर्म सोडावा लागला असे म्हणताना, त्या धर्माने तिला कोठे ठेवले होते, हेही विचारावे लागते.

आणि तरीही, आमच्या मते, एवढ्याने प्रश्न मिटत नाही. उपाशी मुलीपुढे एकच दार असणे म्हणजे तिला निवड असणे नव्हे. केडगावच्या मुलींचे मत आज आपल्यापर्यंत बहुतांशी मिशनच्या वृत्तांतांतून पोहोचते, आणि कोणत्याही संस्थेचा वृत्तांत देणगीदारांसाठी लिहिलेला असतो. त्यात कृतज्ञता असते, तक्रार क्वचितच. हे केडगावपुरते खरे नाही, हिंगण्यासही लागू आहे आणि आजच्या संस्थांसही.

आतले गाव

दोन हजार माणसांच्या पोटापाण्याचा प्रश्न प्रार्थनेने सुटत नाही, हे रमाबाई जाणून होत्या. विहिरी खणल्या गेल्या, शेती वाढली. दूधदुभते, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, सुतारकाम, धुलाई अशी कामे मुली शिकल्या. छापखानाही निघाला. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी ही कामे स्त्रियांनी करावी, हे तेव्हाच्या मराठी मुलखात नवे होते. पुण्यामुंबईच्या छापखान्यांत खिळे जुळवणारे सगळे पुरुष असत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कामाचे मोल कळते.

वसाहतीचे विभाग झाले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’, वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी ‘प्रीती सदन’, मुलांसाठी ‘सदानंद सदन’, आणि अंध मुलींसाठी वेगळे सदन होते. शारदा सदनही केडगावीच आले. अंधांच्या शिक्षणात मनोरमाबाईंनी विशेष लक्ष घातले आणि ब्रेल लिपी शिकवली. आजच्या भाषेत ज्यास कुटुंब व बालकल्याण म्हणतात, त्याची जवळजवळ सर्व खाती एका कुंपणात आली होती.

येथे आमच्या हैदराबादकडील वाचकांसाठी एक गोष्ट. १९१२-१३ च्या सुमारास मायलेकींनी निजामाच्या राज्यात गुलबर्गा येथे ख्रिस्ती विद्यालय काढले. मनोरमाबाई तेथे स्वतः राहून काम पाहत. ज्या दक्षिण मुलखात रमाबाईंच्या घराची वाताहत झाली, त्याच दिशेस त्यांची शाखा परत गेली, असे म्हणता येईल. तो भाग मराठी, कानडी व उर्दू या तिन्ही भाषांचा. तेथे मुलींची शाळा काढणे हे धर्मकार्याइतकेच प्रांतकार्य होते.

रमाबाईंच्या उत्तरायुष्याचा मोठा भाग एका ग्रंथकार्यात गेला. हिब्रू व ग्रीक मुळांवरून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यासाठी या भाषा त्या प्रौढ वयात शिकल्या. जन्मभर संस्कृतात वाढलेल्या या विदुषीने भाषांतरात मात्र संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले. नुकतीच अक्षरओळख झालेल्या खेड्यातील स्त्रीला ते वाचता यावे, हा हेतू होता. या भाषांतराच्या धार्मिक मूल्याविषयी वाचकांचे मत काहीही असो, बोलीच्या जवळ जाणारी मराठी गद्यशैली घडवण्याचा एवढा दीर्घ प्रयत्न म्हणून भाषाभ्यासकांनी त्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. छपाई केडगावच्या मुलींनी केली. ग्रंथ पूर्ण रूपात १९२४ मध्ये, रमाबाईंच्या पश्चात, बाहेर आला.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. कार्याची वारस म्हणून जिच्याकडे पाहिले, ती चाळिशीतच गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला. संस्थेची धुरा त्यांनी नेमलेल्या लिसा हेस्टी यांच्याकडे गेली. पुढील दशकांत ती परदेशी व नंतर भारतीय ख्रिस्ती कार्यकर्त्यांच्या हाती राहिली. रमाबाईंनंतर मुक्ती सदनाचा मराठी सार्वजनिक जीवनाशी असलेला संवाद क्षीण झाला, हे मान्य करावे लागते. दोन्ही बाजूंनी भिंत उंच होत गेली. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले, तोपर्यंत कित्येक मराठी घरांत त्यांचे नाव ‘बाटलेली पंडिता’ एवढ्याच ओळखीने घेतले जात होते. संस्था मात्र चालू राहिली आणि आजही चालू आहे.

अटींचा आजचा हिशोब

मुलाच्या धर्माचा प्रश्न केडगावी ज्या रीतीने उभा राहिला, त्याचे उत्तर पुढे कायद्याने थोडेथोडे दिले. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने हिंदूंना दत्तकाचा आधुनिक हक्क मिळाला, पण ख्रिस्ती, मुसलमान, पारशी कुटुंबांना १८९० च्या कायद्याखाली केवळ पालकत्व घेता येई. बाल न्याय कायदा २००० मध्ये आला, २००६ मध्ये त्यात सुधारणा झाली आणि २०१५ मध्ये तो नव्याने करण्यात आला. त्यामुळे कोणत्याही धर्माच्या दांपत्यास निराधार मूल दत्तक घेता येऊ लागले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही वाट मोकळी असल्याचे सांगितले. मूल कोठे जावे, हे आता एखादी संस्था एकटी ठरवत नाही. बाल कल्याण समिती असते, सरकारी नोंद असते, आणि शक्यतो कुटुंब, नाइलाजाने संस्था, असा क्रम मानला जातो. परदेशी देणग्यांवरही आधी १९७६ च्या कायद्याचे नियमन होते, आता २०१० च्या कायद्याचे आहे.

१८९३ चा वाद मुळात याच गोष्टींवरून झाला होता. मुलीच्या वतीने कोणी बोलावे आणि देणगीदाराची इच्छा कोठवर चालावी, हे तेव्हा ठरवायला त्रयस्थ कोणी नव्हते. एका बाजूस रमाबाईंचा विवेक होता, दुसऱ्या बाजूस समाजाची प्रतिष्ठा. मूल या दोहोंच्या मध्ये होते. आज त्रयस्थ आहे, निदान कागदावर आहे. तो कागद प्रामाणिकपणे भरला जातो की नाही, हे पाहणे नागरिकांचे काम आहे आणि ते काम हिंदू, ख्रिस्ती, सर्वच संस्थांबाबत सारख्याच काटेकोरपणे झाले पाहिजे.

राहता राहिला आमचा स्वतःचा हिशोब. आमच्या समाजात कुलवृत्तांत छापण्याची प्रथा जुनी व चांगली आहे. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, कोणत्या पेशव्याबरोबर वा शिंदे-होळकर-गायकवाडांबरोबर कोण बाहेर पडले, हे सर्व त्यांत असते. मात्र या वृत्तांतांत विधवा झालेल्या मुली पुष्कळदा एका ओळीत संपतात, आणि घर सोडून गेलेल्या मुली त्या ओळीतही नसतात. ज्या मुली दुष्काळात हरवल्या, ज्या शारदा सदनात गेल्या, ज्या पुनर्विवाह करून वा ख्रिस्ती होऊन परतल्याच नाहीत, त्यांच्या जागी बहुधा नावही नसते, कोरी जागाही नसते. जणू त्या जन्मल्याच नाहीत. संस्थेने त्यांना कोणत्या अटीवर ठेवले, हा प्रश्न आपण शंभर वर्षे विचारला. घराने त्यांना कोणत्या अटीवर नाव दिले असते, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही.

कुलवृत्तांतांच्या नव्या आवृत्त्या आता अनेक घराणी काढीत आहेत, मुलींची नावे व त्यांची कुटुंबेही त्यांत घेत आहेत. या संपादकांना आमची विनंती एवढीच की, जुन्या पत्रांत, खर्चाच्या वह्यांत, एखाद्या आजीच्या आठवणीत असे एखादे नाव आढळले, तर ती कोणत्या धर्मात गेली याची चौकशी करण्याआधी ते नाव तिच्या आईबापांच्या नावाखाली, तिच्या जागी, लिहून ठेवावे.